शेपटीतला पत्ता

ऑफिसात त्याला सगळे किरकोळकर म्हणत. खरं आडनाव हजेरीच्या यादीत होतं, पण यादी वाचायला वेळ कुणाला होता? कंपनी ब्लॉग लिहायचं सॉफ्टवेअर बनवायची, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे फट सापडली, कुठली कडी सैल निघाली, की तो कागद आधी त्याच्या टेबलावर यायचा. त्यानं फक्त शेरा मारायचा: गंभीर, मध्यम किंवा किरकोळ. गंभीर म्हटलं की चार खात्यांना पत्रं जात, बैठक बसे, आणि मोठे साहेब हातातला घास टाकून येत. किरकोळ म्हटलं की काहीच होत नसे. सहा वर्षांत त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. नोकरीत माणूस वर चढतो तो त्याच्या हातून काय झालं यावर नव्हे, तर त्याच्या टेबलावर येऊन काय झालं नाही यावर. त्या हिशेबानं त्याच्याइतकं न झालेलं काम अख्ख्या मजल्यावर दुसऱ्या कुणाच्या नावावर नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी तक्रार खिडकीवरच्या आक्का एक कागद घेऊन त्याच्याकडे आल्या होत्या. आक्का कंपनीत पहिल्या दिवसापासून होत्या आणि ग्राहकांच्या शिव्या खाऊन खाऊन त्यांचं सॉफ्टवेअरचं ज्ञान इंजिनिअरांच्या पुढे गेलं होतं.

मामला असा होता. तुम्ही कंपनीच्या साइटवर एखादं पान वाचत असता. मधेच सॉफ्टवेअर म्हणतं, पासवर्ड द्या. तुम्ही देता. आता तुम्हाला परत त्याच पानावर नेऊन सोडायला हवं. कुठे सोडायचं ते विसरू नये म्हणून सॉफ्टवेअर लॉग-इनच्या पत्त्याला एक शेपूट लावायचं आणि त्या शेपटीत परतीचा पत्ता लिहून ठेवायचं. इथवर सगळं शहाणपणाचं. फक्त शेपटीतला पत्ता आपल्याच घरचा आहे की परक्याचा, हे ते कधी बघत नसे. कुणीही तिथे कुठलाही पत्ता चिकटवावा, आणि कंपनीचा गणवेश घातलेल्या शिपायानं बोट धरून तुम्हाला थेट चोराच्या ओटीवर नेऊन बसवावं, अशी ती सोय होती.

"हे दार आपल्या घराचं आहे," आक्का म्हणाल्या, "आणि उघडतंय चोराच्या अंगणात."

"दार नव्हे, पाटी आहे," तो म्हणाला. "पाटी वाचून कुणी खड्ड्यात गेला तर दोष पाटीचा?"

"पाटी आपण लावलीय ना."

"आक्का, पासवर्ड आपल्या पानावरून जात नाही. चोराच्या पानावर माणूस स्वतःच्या हातानं देतो. डोळे उघडे ठेवले तर पत्ता बदललेला दिसतो की."

"डोळे उघडे ठेवतो म्हणूनच आपलं नाव वाचतो बिचारा. आणि आपलं नाव वाचलं की मिटतो." आक्कांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. "दुरुस्ती किती ओळींची?"

"चार."

"मग घाला की चार ओळी."

"चार ओळी घातल्या की चूक होती हे कबूल केल्यासारखं होतं. मग विचारतात, इतकी वर्षं काय झोपा काढत होतात?" त्यानं शिक्का उचलावा तशा थाटात शेरा टंकला: 'किरकोळ. वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा. दुरुस्तीची गरज नाही.'

"माझी तक्रार नोंदीत राहू दे," आक्का म्हणाल्या.

"नोंदीत तर राहतेच. नोंदीत सगळंच राहतं."

त्याचे बाबा दोन गल्ल्या सोडून एकटे राहत. अडतीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. म्हणजे जे छापायचं, ते छापण्याआधी अक्षरन् अक्षर वाचायचं आणि चुका काढायच्या. वेळापत्रकं, शाळेची पुस्तकं, कायद्याचे जाडजूड ग्रंथ, काही म्हणून त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. एकदा एका औषधाच्या पत्रकात दशांशचिन्ह एक घर सरकलेलं त्यांनी पकडलं होतं. त्यामुळे किती माणसं जगली, ते त्या माणसांनाही ठाऊक नाही. बाबांनी मात्र आयुष्यभर ती गोष्ट दुसऱ्या कुणाची असावी अशा सुरात सांगितली, आणि वर्षातून चारदा तरी सांगितली.

आई गेल्यावर त्यानंच त्यांना ब्लॉग काढून दिला. घरात बसून भिंतींच्या चुका काढण्यापेक्षा बरं, असा त्यामागचा विचार. बाबांनी तो मनावर घेतला. दर आठवड्याला एक नोंद: आई काय म्हणायची, कशाला हसायची, कुठली वस्तू कुठे ठेवून विसरायची. आणि दर नोंदीखाली आधीच्या नोंदीतल्या चुकांची दुरुस्ती. एकदा त्यांनी लिहिलं की ती दिवा मालवताना दिव्याला रोज "उद्या भेटू" म्हणायची. पुढच्या आठवड्यात खाली दुरुस्ती आली: "भेटू नव्हे. ती 'उद्या ये' म्हणायची. लिहिताना माझं लक्ष नव्हतं, क्षमा असावी." क्षमा कुणाकडे मागितली होती कोण जाणे. वाचक अकरा होते.

ती दिव्याची नोंद मोठ्या साहेबांनी एका बैठकीत पडद्यावर दाखवली होती. "आपल्या किरकोळकरांचे वडील," साहेब म्हणाले, "सत्त्याहत्तर वर्षांचे. आपलं सॉफ्टवेअर इतकं सोपं आहे." टाळ्या झाल्या, आणि त्या वर्षीच्या बढतीत त्या टाळ्यांचा वाटा मोठा होता. किरकोळकरनं ती नोंद तेव्हा पडद्यावरच प्रथम वाचली. पुढच्या आठवड्यातली दुरुस्ती त्यानं वाचली नाही. त्याआधीचं आणि त्यानंतरचंही काही वाचलं नव्हतं. आईबद्दलचं वाचायला निवांत वेळ हवा, असं तो म्हणायचा आणि त्याला स्वतःलाही ते पटायचं.

बाबांना शिकवताना मात्र त्यानं एक नियम करून दिला होता. "पत्त्याची सुरुवात बघायची, बाबा. आमच्या कंपनीचं नाव दिसलं की डोळे मिटून पुढे."

"डोळे मिटून?" बाबांनी विचारलं होतं. जन्मभर ज्या गोष्टीचे पैसे घेतले तीच कुणीतरी सोडायला सांगावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"म्हणजे निर्धास्त."

बाबांनी मधला मार्ग काढला. पडद्यावरच्या अक्षरांवर त्यांचा विश्वास नव्हता. छापखान्यात शंका आली की ते मजकूर हातानं कागदावर उतरवून काढत आणि मग ताडून बघत. तसंच त्यांनी इथे सुरू केलं. कुठलीही लिंक दाबण्याआधी तिचा पत्ता वहीत पेन्सिलीनं उतरवायचा, मोठ्यानं वाचायचा, ताडायचा, मग दाबायचा. एक लिंक दाबायला त्यांना दहा मिनिटं लागत.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "अरे, माझ्या ब्लॉगवर गुडघ्याच्या गोळ्या आल्यात."

"जाहिरात असेल, बाबा."

"जाहिरातच आहे. पण खाली तुझी आई नाहीये."

तो गेला. दोनशे बारा नोंदी होत्या, त्यातली एक उरली नव्हती. आईच्या फोटोच्या जागी एक तगडा म्हातारा जिना चढत होता आणि हसत होता. बाबा समोरच्या खुर्चीत ताठ बसले होते, साहेबानं बोलावून घेतलेल्या कामगारासारखे.

"पत्र आलं होतं," ते म्हणाले. "तुमच्या ब्लॉगला चारशे वाचकांनी दाद दिली आहे, पाहायला आत या. चारशे म्हटल्यावर माणूस हुरळतो रे जरा. पण म्हणून मी घाई नाही केली. पत्ता उतरवून घेतला." त्यांनी वही उघडून त्याच्यापुढे धरली. "हे बघ. सुरुवात तुमच्याच कंपनीच्या नावानं. अक्षर इकडचं तिकडे नाही. पासवर्ड दिला तर म्हणे पासवर्ड चुकला, पुन्हा द्या. पान तेच, रंग तोच. मला वाटलं माझंच बोट चुकलं. चुकलं म्हटलं की मी पुन्हा करतो, सवय आहे. पुन्हा दिला."

दुसऱ्यांदा दिला तो चोराच्या पानावर. हे सांगायला तिथे कुणाची गरज नव्हती. किरकोळकर वही बघत होता. पेन्सिलीच्या बारीक, सुबक अक्षरात पूर्ण पत्ता होता, आणि सुरुवातीच्या निष्पाप नावामागे लांबलचक शेपूट.

"या शेपटीत दुसराच पत्ता आहे," बाबा म्हणाले. "पत्त्याच्या पोटात पत्ता. तेव्हाच खटकलं होतं मला. पण म्हटलं, तू तिथे बसतोस. शेपटीत काय असावं ते तुम्हाला कळतं. आपण कोण?"

"पत्र कुठंय?"

"टोपलीत टाकलं, टोपली रिकामी केली. काम झालं की कच्चे कागद ठेवत नाही मी." मग थोडं थांबून, "परत येईल ना रे?"

"बघतो," तो म्हणाला.

बघण्यासारखं फार नव्हतं. पुसलेला मजकूर कंपनीत तीस दिवस जपून ठेवत. त्या जागेला सगळे तळघर म्हणत, जरी ती चौथ्या मजल्यावर होती. तळघरातून काही वर काढायचं तर एकच अट: तक्रारीवर 'गंभीर' शेरा हवा. शेरा मारणारं टेबल त्याचंच. एक शब्द बदलला असता तर संध्याकाळपर्यंत आई परत आली असती.

पण मोठे साहेब त्याच महिन्यात कंपनी एका बड्या उद्योगसमूहाला विकायच्या बेतात होते. घेणाऱ्यांची माणसं महिनाअखेरीस नोंदी तपासायला येणार होती, आणि साहेबांना गंभीर तक्रारींच्या रकान्यात शून्य हवं होतं. त्या शून्याची व्यवस्था जो लावील, त्याला सुरक्षा प्रमुख करायचं, असं त्यांनी बोलून दाखवलं होतं. काचेची खोली आणि खोलीत एक कुंडी. शेपटीच्या प्रकरणावर गंभीर मारलं की पहिला प्रश्न येणार, ही फट आधी कुणाला ठाऊक होती का? आणि नोंदीत आक्कांची तक्रार होती, तिच्याखाली त्याचा शेरा होता. नोंदीत सगळंच राहतं.

दुसऱ्या दिवशी आक्का त्याच्या टेबलापाशी आल्या. "तुमच्या वडिलांची तक्रार आलीय खिडकीवर."

"ते मला बोलले."

"मुलगा इथे असून रीतसर तक्रार करणारा माणूस पहिल्यांदा पाहिला." आक्कांनी कागद वाचला. "'माझा ब्लॉग नाहीसा झाला आहे. दाबलेला पत्ता मी वहीत उतरवून घेतला असून तपासासाठी वही सादर करीन.' शेपूट आहे का वहीत?"

"बघावं लागेल."

"बघा. असेल तर गंभीर लावावं लागेल, तुम्हाला आवडो न आवडो. हातात पुरावा असला की नियम तुमच्या टेबलावर चालत नाही, पुराव्यावर चालतो." त्या जाता जाता थांबल्या. "तुमचं बरंच होईल की. वडिलांचं काम होईल."

तो शनिवारी गेला. बाबांनी वही आधीच टेबलावर काढून ठेवली होती, शेजारी पेन्सिल, खोडरबर आणि भिंग. त्यांच्या टेबलावरच्या वस्तू नेहमीच रुग्णालयातल्या हत्यारांसारख्या ओळीत असत.

"चहा टाकतो," बाबा म्हणाले. "तू तोवर ताडून बघ."

आतून भांड्याचा आवाज आला. त्यानं खोडरबर उचललं. पांढरं, एका कोपऱ्यानं झिजलेलं. बाबा पेन्सिल कधी दाबून चालवत नसत; चूक कुणाचीही होते, ती खोडता आली पाहिजे, असं ते म्हणायचे. त्यामुळे शेपूट सहज निघालं. प्रश्नचिन्हापासून शेवटपर्यंत, दीड ओळ. त्यानं कागदावर फुंकर मारली, खोडरबराचा चुरा तळहातावर गोळा केला आणि खिशात घातला. आता वहीत कंपनीच्या लॉग-इनचा सरळ, सभ्य पत्ता उरला होता. तो दाबून जगात कुणाचंही काही जाऊ शकलं नसतं. हे सगळं करताना आपण काही करतोय असं त्याला विशेष वाटलं नाही. सवयीचं काम होतं. एक गोष्ट न झालेली करायची होती.

बाबा दोन कप घेऊन आले.

"बाबा, यात शेपूट कुठंय?"

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणालात शेपटीत दुसरा पत्ता होता. इथे तर नुसता आमचा पत्ता आहे. यावरून कुणी चोराकडे जात नाही."

बाबांनी कप ठेवला. चष्मा लावला. वाचलं. चष्म्यावरून भिंग धरलं आणि पुन्हा वाचलं, ओठ हलवत. "होतं," ते म्हणाले.

"मी परवा आलो तेव्हाही एवढंच होतं."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं की. तेव्हा म्हटलं, तुम्ही आधीच हैराण आहात, कशाला बोला."

बाबांनी अंगठा कागदावरून फिरवला, पत्त्यावरून पुढे, जिथे शेपूट होतं त्या जागेवरून. अडतीस वर्षांचा अंगठा होता तो. छापखान्यात कोरा कागदही त्या अंगठ्याशी बोलायचा.

"इथे खोडलंय," बाबा म्हणाले.

त्यानं हातातला कप खाली ठेवला.

"कागद खरखरीत लागतोय. खोडलंय इथे." बाबांनी खोडरबराकडे पाहिलं, त्याची झिजलेली कड पाहिली, आणि मग मुलाकडे पाहिलं. एक क्षण असा आला की बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. तो क्षण गेला. बाबांचे खांदे खाली आले.

"मीच खोडलं असणार," ते म्हणाले. "घरात दुसरं आहे कोण? काहीतरी लिहिलं आणि मीच खोडलं. आणि ते आठवत नाही. लिहिलेलं आठवतंय, खोडलेलं नाही." ते हसले. "म्हणजे उलटंच झालं की सगळं."

"होतं असं, बाबा. वय झालं की होतं."

"हो. होत असेल." त्यांनी वही मिटली. "चहा घे, गार होतोय."

आक्कांनी वहीच्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"खोडल्यासारखं दिसतंय."

"त्यांनीच खोडलंय. ते स्वतः म्हणतात."

"स्वतः म्हणतात का," आक्का म्हणाल्या. "माणूस स्वतःच म्हणाला की मग देवालाही बोलायला जागा राहत नाही." त्यांनी फोटो बंद केला. "तसं लेखी आणा. सहीनिशी. माझ्या खिडकीवरून तोंडी काही बंद होत नाही."

"आणतो."

"तीस दिवसांच्या आत आणा. नंतर तळघरात काही उरत नाही, मग लेखी आणलं काय, न आणलं काय."

ते दिवस त्यानं मोजले नाहीत. मोजायची जबाबदारी बाबांनी घेतली. त्यांनी भिंतीवर कागद लावला आणि रोज एक आडवी रेघ मारू लागले. आठव्या रेघेला फोन आला, "मी आज रेघ मारली का रे?" तो दोन गल्ल्या पलीकडे, स्वतःच्या घरी. त्याला कसं ठाऊक असणार? "मारली असेल, बाबा," तो म्हणाला. बाराव्या दिवशी गॅसजवळ चिठ्ठी दिसली: 'बंद केला.' तिच्याखाली दुसरी: 'खात्री केली.' आणि तिच्याखाली तिसरी चिठ्ठी चिकटवायची जागा सोडलेली.

त्याची बायको भली. तिला काही ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं ताबडतोब काळजी सुरू केली. ती सासऱ्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी असं घड्याळ काढलं की तसंच्या तसं छापावं. आकडे जागच्या जागी, काटे मोजून. मग कागद फिरवून डॉक्टरांपुढे धरला आणि विचारलं, "बरोबर आहे का?"

"उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

"नक्की ना? तपासून घ्या एकदा."

डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की आजार काही दिसत नाही, पण माणसाचा स्वतःवरचा भरवसा गेलाय; लक्ष ठेवा. बायकोनं घरी येऊन त्याला ते सांगितलं आणि वर म्हणाली, "तुम्ही जरा त्यांच्याजवळ बसत जा. तुमच्यावर त्यांचा फार विश्वास आहे हो."

विसाव्या दिवशी साहेबांनी त्याला आत बोलावलं. काचेची खोली मिळाली. कुंडीतलं रोप प्लास्टिकचं निघालं, पण लांबून कळत नसे. अट एकच होती, महिनाअखेरीपर्यंत तुमच्या वडिलांची ती तक्रार गंभीरच्या रकान्यात न जाता मिटवा. नव्या खोलीत बसून त्यानं पहिलं काम केलं ते त्या चार ओळींचं. शेपटीतला पत्ता परका असला तर पुढे जायचं नाही, माणसाला मुकाट्यानं घरच्या पानावर सोडायचं. चहासकट वीस मिनिटं लागली. नोंदीत लिहिलं, 'किरकोळ साफसफाई.'

अठ्ठाविसाव्या दिवशी तो छापील निवेदन घेऊन बाबांकडे गेला. निवेदन त्यानंच तयार केलं होतं. सहा कलमं होती. तिसऱ्यात लिहिलं होतं की पत्त्याला शेपूट असल्याचा मी केलेला उल्लेख हा माझा भ्रम होता. पाचव्यात होतं की मजकूर परत मिळावा अशी माझी मागणी नाही. पहिल्या कलमात त्यानं एक चूक ठेवली होती. वय सत्त्याहत्तरच्या जागी सदतीस. आधी ते हात घसरून झालं होतं. लक्षात आल्यावरही त्यानं दुरुस्त केलं नाही. का, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. बाबा वाचतील, पेन्सिल उचलतील, म्हणतील, अरे, मी तुझ्यापेक्षा लहान कधी झालो? आणि वाचतील तर सगळंच वाचतील. तिसरं वाचतील, पाचवं वाचतील. तसं झालं तर झालं. अठ्ठाविसावा दिवस होता. तळघरात अजून दोन दिवस शिल्लक होते. त्यानं निर्णय बाबांच्या डोळ्यांवर सोडला होता. माणूस स्वतःला सवलत देतो ती अशी.

बाबा खिडकीशी बसले होते. टेबलावर भिंग नव्हतं.

"भिंग कुठंय?"

"कपाटात ठेवलं. उगाच दिसत राहतं." त्यांनी त्याला बसायला खूण केली. "एक विचारू का रे? तुझी आई दिवा मालवताना दिव्याला काय म्हणायची? 'उद्या भेटू' की 'उद्या ये'? मी त्यात दुरुस्ती केली होती एवढं आठवतं. पण कुठलं काढून कुठलं घातलं, ते गेलं. ब्लॉगवर होतं, म्हणून मी डोक्यात ठेवलं नाही."

त्याला पडदा आठवला, बैठक आठवली, टाळ्या आठवल्या. "'भेटू'," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. मी वाचलंय."

"वाचलंयस ना तू," बाबा म्हणाले, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की ते उठून वही घेऊन आले आणि त्यात लिहून ठेवलं: 'उद्या भेटू.' खाली रेघ ओढली. या वेळी शाईनं लिहिलं होतं, पेन्सिलीनं नाही. "आता खोडलं जाणार नाही माझ्याकडून."

त्यानं निवेदन पुढे केलं. "यावर सही हवीय, बाबा. कंपनीसाठी."

"कशाचं आहे?"

"तेच. ब्लॉगचं प्रकरण. वाचून घ्या." त्याचा आवाज थोडा वर गेला. "नीट वाचा. वेळ आहे."

बाबांनी कागद घेतला. डोळ्यांपासून योग्य अंतरावर धरला, जसा अडतीस वर्षं धरला होता. नजर पहिल्या ओळीवर गेली. किरकोळकर त्या नजरेकडे बघत राहिला. ती ओळीवर थांबली, जराशी पुढे सरकली, आणि मग कागदावरून उठून त्याच्या चेहऱ्यावर आली.

"तू वाचलंयस ना?"

"मी लिहिलंय."

"मग झालं. माझ्या वाचण्याला आता काय अर्थ आहे?" त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "कुठे करू?"

त्यानं बोट ठेवलं. बाबांनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत. आयुष्यात न वाचता केलेली ही त्यांची पहिलीच सही असावी. मग त्यांनी कागद उचलून परत दिला नाही. सहीकडे बघत राहिले, मान एका बाजूला कलती करून, कुणा दुसऱ्याचं मुद्रित हातात आल्यासारखे.

"ही माझीच आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच आहे, बाबा."

"बघ जरा नीट," बाबा म्हणाले. "कपाटातून भिंग आण हवं तर."